समुद्रावरील वाऱ्याचा आकडा येतो कोठून?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत चक्रीवादळांच्या अंदाजाविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात ‘आता जीपीएसचे उपग्रह समुद्रावरच्या वाऱ्याचा वेगही मोजतात’ असे एक वाक्य आहे आणि त्याच्या शेजारी एक रंगीत चित्र आहे. चित्रातला उपग्रह समुद्रावर किरण सोडतो, ते किरण पाण्यावर आपटून त्याच उपग्रहाकडे परत जातात, आणि खाली ‘वाऱ्याचा वेग’ असे लिहिलेले आहे. विषय निवडल्याबद्दल आपले आभार मानायला हवेत, कारण या पद्धतीविषयी मराठी वृत्तपत्रात काही छापून आलेले मी तरी प्रथमच वाचले. परंतु ते वाक्य अर्धेच बरोबर आहे आणि चित्र पूर्ण चुकले आहे. चूक किरकोळ असती तर मी पत्र लिहिले नसते. पण वादळाच्या बातमीत येणारा वाऱ्याचा आकडा किती विश्वासाने वाचावा, हे ज्या गोष्टीवरून ठरते, नेमकी तीच या चुकीमुळे झाकली जाते. पत्र थोडे लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मी रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो आणि निवृत्तीपूर्वी भौतिकशास्त्र शिकवत असे. लेख आला त्याच संध्याकाळी आमच्या आळीतले एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे म्होरके, ज्यांचे उभे आयुष्य दर्यावर गेले, पुरवणीची घडी हातात घेऊन आले आणि म्हणाले, “सर, जीपीएस तर माझ्या बोटीवरपण आहे. मग त्याच्यावर वारा का दिसत नाय?” प्रश्न थट्टेचा नव्हता. लेखातले वाक्य खरे मानले तर असा प्रश्न कोणालाही पडेल, आणि त्याचे उत्तर लेखात नाही.

उत्तर असे. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि आपली वेळ व आपले स्थान सांगणारे संदेश रेडिओलहरींवरून रात्रंदिवस खाली सोडत असतात. सर्वसामान्यांच्या वापरातली त्यांची मुख्य लहर १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारतेची, म्हणजे साधारण १९ सेंटिमीटर लांबीची असते. हा संदेश आपल्या फोनसाठी, विमानासाठी, बोटीसाठी असतो. वाऱ्याशी त्याचे काही देणेघेणे नसते. पण तो पडतो मात्र सगळीकडे, आणि पृथ्वीचा दोन तृतीयांशाहून अधिक पृष्ठभाग पाण्याचा असल्यामुळे त्यातला मोठा भाग समुद्रावर पडून पुन्हा आकाशाकडे उसळतो. हा उसळलेला, म्हणजेच परावर्तित, संदेश अनेक वर्षे कोणाच्याच उपयोगाचा नव्हता. उलट, अचूक स्थान काढू पाहणाऱ्यांच्या दृष्टीने तो एक उपद्रवच होता. आता काही लहान उपग्रह सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून खाली तोंड केलेल्या अँटेनांनी तोच ऐकतात आणि त्यावरून खालच्या पाण्यावर वारा किती असेल हे काढतात. हे लहान उपग्रह समुद्राकडे काहीही पाठवत नाहीत. दिवा एकाचा आणि डोळा दुसऱ्याचा, असा हा मामला आहे.

तांडेलांच्या बोटीवरच्या यंत्राला हे जमत नाही, कारण ते यंत्र डोक्यावरून थेट येणारा संदेशच ऐकावा अशा बेताने बनवलेले असते. जीपीएसची लहर उजव्या पिळाची असते, म्हणजे पुढे सरकताना ती स्क्रूच्या आट्यांसारखी उजवीकडे फिरत जाते. पाण्यावर आपटून उसळताना तिचा पीळ बहुतांशी डावा होतो, आणि बोटीवरची अँटेना डाव्या पिळाच्या लहरीला शक्यतो दाद देत नाही. वर ऐकणाऱ्या उपग्रहांच्या खालच्या अँटेना मुद्दाम डाव्या पिळाच्या लहरींसाठी केलेल्या असतात. शिवाय थेट संदेशच मुळात फार क्षीण असतो. एका वॅटचा अब्जावा भाग घ्यावा आणि त्याचा पुन्हा एक कोटीवा भाग करावा, साधारण एवढी शक्ती जमिनीवरच्या अँटेनेत येते. समुद्रावरून विखरून वर पोचणारा संदेश त्याहूनही कितीतरी दुबळा असतो आणि रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटात बुडालेला असतो. तो ओळखता येतो तो केवळ त्याची ठेवण आधीच ठाऊक असल्यामुळे.

आता पाण्याकडे वळतो. पौर्णिमेच्या आसपास भाट्याच्या खाडीवरच्या पुलावर रात्री उभे राहिल्यास या पद्धतीचे निम्मे शास्त्र डोळ्यांनी दिसते. वारा अगदी पडलेला असेल तर पाण्यात चंद्राचे एकच बिंब दिसते, ताटात ठेवल्यासारखे. झुळूक आली, पाण्यावर शहारा उठला, की बिंब फुटते आणि आपल्या पायांपासून पैलतीराकडे जाणारा चकाकता पट्टा तयार होतो. वारा वाढत गेला की पट्टा रुंदावत जातो आणि त्याच वेळी त्याची मधली चमक मंदावत जाते. याचे कारण असे की, पाण्याचा पृष्ठभाग आता एक आरसा राहिलेला नसतो. तो वेगवेगळ्या बाजूंना कललेल्या असंख्य आरशांचा झालेला असतो, आणि जिथला तुकडा योग्य कोनात कललेला असेल तिथूनच चंद्रप्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. वारा जितका जास्त, तितके तुकड्यांचे उतार तीव्र आणि तितकाच प्रकाश पसरट. चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक या दोन अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये हवाईजवळच्या समुद्रावर विमानातून सूर्याच्या अशाच चकाकीची छायाचित्रे घेतली आणि लाटांच्या उतारांचे प्रमाण वाऱ्याच्या वेगाबरोबर कसे वाढते ते १९५४ मध्ये मांडले. पुढे उपग्रहांनी जे केले त्याच्या मुळाशी हेच काम आहे. फक्त सूर्याच्या जागी जीपीएसचा उपग्रह आला आणि प्रकाशाच्या जागी १९ सेंटिमीटरची लहर.

मात्र उपग्रहावर कॅमेरा नसतो, मग हा पट्टा तो पाहतो कसा? जीपीएसच्या सार्वजनिक संदेशात १०२३ तुकड्यांची एक ठरलेली माळ दर मिलिसेकंदाला पुन्हा पुन्हा येत असते. माळेतला एक तुकडा जवळजवळ एका मायक्रोसेकंदाचा, आणि तेवढ्या वेळात लहर सुमारे ३०० मीटर जाते. समुद्रावरच्या ज्या ठिकाणाहून परावर्तनाचा मार्ग सर्वांत लहान पडतो तिथला संदेश वर आधी पोचतो, आणि त्या ठिकाणाच्या भोवतालच्या पाण्यावरून येणारा मागाहून, थोड्या थोड्या उशिराने. रिसीव्हर त्या माळेची स्वतःजवळची नक्कल सरकवत सरकवत आलेल्या संदेशावर लावून पाहतो आणि कोणत्या उशिराला किती शक्ती आली याची नोंद करतो. त्याच्या जोडीला डॉप्लर परिणाम असतो. ऐकणारा उपग्रह सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असल्यामुळे त्याच्या पुढच्या बाजूच्या पाण्यावरून येणारी लहर किंचित चढ्या पट्टीत आणि मागच्या बाजूची किंचित उतरत्या पट्टीत ऐकू येते, फलाटावरून न थांबता जाणाऱ्या गाडीच्या शिटीसारखी. उशीर आणि पट्टी या दोन मोजपट्ट्यांवर आलेली शक्ती मांडली की एक छोटासा नकाशा तयार होतो. पाणी शांत असेल तर त्यात एक ठळक ठिपका दिसतो. पाणी खवळलेले असेल तर ठिपका फिका पडून घोड्याच्या नालासारखा पसरतो.

या नकाशातून वारा निघतो तो असा: ठिपका किती फिका पडला आणि त्याच्यामागून उशिराने येणाऱ्या शक्तीची शेपटी किती लांबली, यावरून पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा एक अंक मिळतो. मग जिथे वाऱ्याचा वेग अन्य मार्गाने माहीत आहे अशा ठिकाणांशी, म्हणजे समुद्रातल्या तरंगत्या बोयांवरच्या नोंदी, दुसऱ्या उपग्रहांची मोजमापे, हवामानाची गणिती प्रारूपे आणि वादळात शिरणाऱ्या विमानांतून सोडलेली उपकरणे यांच्याशी, तो अंक ताडून पाहतात आणि एक कोष्टक बसवतात. पुढे कधीही तो अंक आला की कोष्टकातून वेग वाचायचा. तोही दहा मीटर उंचीवरचा वेग म्हणून सांगितला जातो, कारण हवामानशास्त्रात समुद्रावरचा वारा त्याच उंचीवरचा धरण्याची रीत आहे. त्या उंचीवरच्या हवेला उपग्रहाने स्पर्शही केलेला नसतो. आपल्या लेखातला ‘मोजतात’ हा शब्द इथे फार सैल पडतो. मोजला जातो तो खडबडीतपणा. वारा त्यावरून ताडला जातो.

हा केवळ शब्दांचा कीस नाही, हे बंदरावरच्या एका साध्या गोष्टीवरून दाखवता येईल. धक्क्यापाशी बोटीतले डिझेल सांडते तेव्हा पाण्यावर त्याचा तवंग पसरतो. भोवतालच्या पाण्यावर वाऱ्याने बारीक लहरी उठलेल्या असतात आणि तवंगाचा तुकडा मात्र इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत राहतो. वारा दोन्हीकडे सारखाच असतो. केवळ पृष्ठभाग पाहणाऱ्याला विचारले तर तो सांगेल की तवंगावर वारा कमी आहे. कॉक्स आणि मंक यांनीही त्या वेळी मुद्दाम तेल पसरून असे गुळगुळीत पट्टे तयार केले होते, हे इथे आठवते. आणि २०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ही उणीवच उपयोगात आणण्याचा प्रयत्न केला. वारा जितका असल्याचे माहीत आहे त्या मानाने समुद्र जिथे जास्तच शांत दिसतो तिथे प्लास्टिकचे सूक्ष्म कण अधिक असावेत, असे त्यांनी मांडले. खुद्द कणांमुळे लाटा दबतात की त्यांच्यासोबत वाहत आलेल्या तेलकट, साबणासारख्या द्रव्यांमुळे, हा वेगळा विषय आहे. माझा मुद्दा एवढाच की, जो संदेश ऐकून एक जण वारा सांगतो, तोच ऐकून दुसरा कचरा सांगू पाहतो, कारण दोघांच्याही हाती असतो तो खडबडीतपणाच.

आता आपल्या चित्राविषयी. एक उपग्रह स्वतःचा किरण सोडतो आणि तोच परतलेला किरण ऐकतो, असे चित्रकाराने दाखवले आहे. असे उपग्रह आहेत, आणि आपल्या देशाचेही आहेत. पण त्यांचा जीपीएसशी संबंध नाही. त्यांच्यावरच्या यंत्राला स्कॅटरोमीटर म्हणतात. २३ सप्टेंबर २००९ रोजी सोडलेल्या ओशनसॅट-२ वर असे यंत्र होते. ते २०१४ च्या आरंभी बंद पडल्यावर २६ सप्टेंबर २०१६ रोजी स्कॅटसॅट-१ गेला, आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेलेल्या ईओएस-०६ वरही स्कॅटरोमीटर आहे. त्यांची लहर दोन सेंटिमीटरच्या आसपासची असते. ही यंत्रे वाऱ्याची दिशाही सांगतात, जी परावर्तित जीपीएसच्या पद्धतीला आजच्या स्वरूपात सांगता येत नाही, ही गोष्ट लेखात यायला हवी होती. परंतु एवढ्या आखूड लहरीला पावसाचे थेंब अडथळा करतात, आणि चक्रीवादळाच्या डोळ्याभोवती जिथे वारा सर्वांत जास्त, तिथेच पाऊसही सर्वांत जास्त असतो. म्हणजे जिथले ऐकायचे तिथेच कानावर हात. १९ सेंटिमीटरची लहर त्याच पावसातून जवळजवळ बिनधोक आरपार जाते. परावर्तित संदेशांकडे लोक वळले त्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि लेखात पावसाचा उल्लेखसुद्धा नाही.

दुसरे कारण फेऱ्यांचे. स्कॅटरोमीटर वाहणारा उपग्रह ध्रुवांवरून फिरतो आणि एखाद्या ठिकाणावरून साधारणपणे दिवसातून एकदा किंवा दोनदा जातो. वादळ तेवढा वेळ थांबत नाही. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर कन्याकुमारीजवळच्या समुद्रात ओखी वादळ तयार झाले, तेव्हा २९ तारखेचा कमी दाबाचा पट्टा एका दिवसाच्या आत चक्रीवादळ झाला होता आणि मासेमारीला गेलेल्या असंख्य बोटी तेव्हा खोल समुद्रात होत्या. अशा वेळी दोन फेऱ्यांमधले बारा तास फार मोठे असतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेच्या नासा या संस्थेने १५ डिसेंबर २०१६ रोजी ‘सिग्नस’ नावाची मोहीम सुरू केली. फ्लोरिडाजवळच्या समुद्रावर विमानाच्या पोटाखालून सोडलेल्या पेगॅसस अग्निबाणातून एकाच वेळी आठ उपग्रह गेले, प्रत्येकी तीस किलोंहून थोडे कमी वजनाचे. मोहिमेचे शास्त्रीय नेतृत्व मिशिगन विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर रफ यांच्याकडे होते. यांतला प्रत्येक उपग्रह एका वेळी चार जीपीएस उपग्रहांचे परावर्तित संदेश ऐकतो, म्हणजे आठांचे मिळून समुद्रावरचे बत्तीस बिंदू एकदम तपासले जात. त्यांच्या कक्षा विषुववृत्ताशी ३५ अंशांनी कललेल्या ठेवल्या, त्यामुळे ते ध्रुवांकडे वेळ न दवडता उत्तर व दक्षिण ३८ अंशांच्या दरम्यानच घिरट्या घालतात. हा सगळा उष्णकटिबंधीय वादळांचा टापू आहे आणि संपूर्ण अरबी समुद्र व बंगालचा उपसागर त्यात येतो. एकाच ठिकाणाकडे पुन्हा येण्याचा सरासरी काळ सुमारे सात तासांवर आला, आणि निम्म्या वेळा तर तीन तासांच्या आतच पुन्हा भेट होई. एवढे लहान, एवढे हलके आणि एवढ्या संख्येने उपग्रह पाठवता आले, कारण समुद्रावर किरण टाकणारे वजनदार, वीजखाऊ यंत्र त्यांना वाहावेच लागत नाही. दिवा आधीच आकाशात लागलेला आहे. आठांपैकी एकाशी २०२२ मध्ये संपर्क तुटला.

ही कल्पना एका रात्रीत सुचलेली नाही. युरोपीय अवकाश संस्थेतले मान्युएल मार्टिन-नेइरा यांनी १९९३ मध्ये परावर्तित संदेशांवरून समुद्राची उंची मोजता येईल असे सुचवले होते. १९९८ मध्ये विमानातून केलेल्या प्रयोगांवरून पाण्याच्या खडबडीतपणाचा संदेशाच्या आकारावर परिणाम दिसतो हे अमेरिकेत दाखवले गेले. २००३ मध्ये सुटलेल्या एका ब्रिटिश उपग्रहाने अवकाशातून हा संदेश ऐकता येतो याचा पुरावा दिला, आणि २०१४ च्या टेकडेमोसॅट-१ या दुसऱ्या ब्रिटिश उपग्रहावर सिग्नससारखेच यंत्र पारखून झाले. चीनने २०१९ मध्ये आणि तैवानने २०२३ मध्ये आपापले असे उपग्रह सोडले.

इथवर गुण सांगितले. आता दोष सांगतो, कारण वाऱ्याचा आकडा छापणाऱ्याला दोषच अधिक ठाऊक हवेत. पहिला दोष वर सांगितलेल्या चंद्राच्या पट्ट्यातच दडलेला आहे. बिंब फुटून पट्टा होतो तो फरक डोळ्यांत भरतो. पण पट्टा एकदा पसरला की वारा आणखी वाढल्याने त्यात पडणारा फरक फार थोडा असतो. तसेच इथे आहे. मंद वाऱ्यात संदेश झपाट्याने बदलतो, आणि वादळी वाऱ्यात सेकंदाला ३५ मीटर आणि ४५ मीटर यांच्यातला फरक संदेशात अगदी बारीक उमटतो. ताशी किलोमीटरमध्ये सांगायचे तर हे १२६ आणि १६२ होतात. छपरे उडणे न उडणे ज्या फरकावर अवलंबून, तोच फरक हुडकायला सर्वांत अवघड. सिग्नसचे उद्दिष्टच मुळी असे ठेवलेले होते की सेकंदाला २० मीटरपर्यंतच्या वाऱ्यात चूक दोन मीटरच्या आत असावी आणि त्यापुढे दहा टक्क्यांच्या आत. दोन मीटर म्हणजे ताशी सात किलोमीटरहून थोडे अधिक. आणि ताशी १५० किलोमीटरच्या वाऱ्यात दहा टक्के म्हणजे मागेपुढे १५. उद्दिष्ट गाठले तरी एवढी सूट धरावीच लागते.

दुसरा दोष लाटांच्या वयाचा. वारा नुकताच सुटलेला असेल तर समुद्र त्याच्याबरोबर अजून पुरता उठलेला नसतो; तोच वारा दिवसभर वाहिला तर पाण्याची स्थिती वेगळी असते. वादळात वाऱ्याची दिशा सारखी फिरत असल्यामुळे लाटांना वाढायला पुरेसे अंतरच मिळत नाही. म्हणून सिग्नसच्या शास्त्रज्ञांना दोन कोष्टके ठेवावी लागली, एक नेहमीच्या पुरत्या उठलेल्या समुद्रासाठी आणि एक वादळातल्या ‘कोवळ्या’ समुद्रासाठी. एकाच संदेशावरून दोन कोष्टके दोन वेग सांगतात. शिवाय दूर कोठे तरी झालेल्या वादळाच्या लाटा हजारो किलोमीटर चालून येतात, आणि १९ सेंटिमीटरची लहर त्या लांब लाटांनाही काही अंशी दाद देते. आमच्याकडे वारा नसताना समुद्र खवळलेला असतो तेव्हा तांडेल मंडळी म्हणतात, “ह्यो हितला वारा न्हाय, लांबचा हाय.” उपग्रहाला मात्र तो इथला वाटू शकतो.

तिसरा दोष मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटतो. परावर्तित संदेश क्षीण आला, तर पाणी खवळलेले आहे असा निष्कर्ष निघतो. पण मूळ दिवाच मंद केलेला असेल तर? जीपीएसचे उपग्रह अमेरिकी लष्कराच्या ताब्यात आहेत, आणि त्यांतल्या काही उपग्रहांची प्रक्षेपणशक्ती गरजेनुसार एका संदेशाकडून दुसऱ्या संदेशाकडे वळवली जाते. सिग्नस सोडल्यावर हा गोंधळ लक्षात आला. सुदैवाने प्रत्येक लहान उपग्रहावर स्थान ओळखण्यासाठी वर तोंड केलेली एक अँटेना होतीच. तिच्या साहाय्याने थेट येणाऱ्या संदेशाची शक्ती सतत मोजून मग परावर्तित संदेशाशी तिची सांगड घालण्याची रीत बसवावी लागली आणि आधीची नोंद पुन्हा सुधारून काढावी लागली. दुसऱ्याच्या दिव्यात वाचायचे ठरवले की त्याच्या वातीवरही लक्ष ठेवावे लागते.

चौथा दोष आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसांसाठी महत्त्वाचा. हे उपग्रह एका वेळी जो पाण्याचा तुकडा पाहतात तो सुमारे २५ किलोमीटरचा असतो. किनाऱ्याजवळ त्या तुकड्यात जमीन, खाड्या, भातशेतीचे पाणी असे सारे मिसळते आणि तो आकडा टाकून द्यावा लागतो. लहान होड्यांची मासेमारी चालते ती बहुतेक याच पट्ट्यात. तेव्हा ‘आता उपग्रहामुळे मच्छीमारांना आपल्या जाळ्याजवळचा वारा कळेल’ असा जो सूर लेखाच्या शेवटी लागला आहे, तो निदान छोट्या होडीवाल्यांच्या बाबतीत खरा नाही. त्यांना या मोजमापाचा उपयोग होतो तो आडवळणाने. खोल समुद्रातला वारा गणिती प्रारूपात जातो, प्रारूपातून अंदाज निघतो, आणि तो भारतीय हवामान विभागाकडून किंवा हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून इशारा होऊन बंदरावरच्या बावट्यापर्यंत पोचतो. हाही उपयोग थोडा नाही.

लेखात ‘आपल्या नाविक उपग्रहांनाही हे काम करता येईल’ असेही म्हटले आहे. याचा अर्थ नाविकचा, म्हणजे जीपीएससारख्या आपल्या देशी उपग्रहमालेचा, संदेश दिवा म्हणून वापरता येईल, असा असेल तर ते खरे आहे. नाविकचे उपग्रह जीपीएसपेक्षा बरेच उंच, सुमारे ३६,००० किलोमीटरवर असून ते भारत आणि भोवतालच्या समुद्रावर सतत राहतात. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून त्यांच्यात जीपीएसच्याच वारंवारतेची लहरही आली आहे. पण ऐकणारे उपग्रह वेगळे पाठवावेच लागतील. ज्यांना वारा ‘दिसतो’ ते हे दुसरे उपग्रह, नाविक नव्हे.

आता वृत्तपत्रांकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले त्या दिवशी आमच्या घरातल्या तीन फोनांवर वाऱ्याचे तीन वेगवेगळे आकडे होते, आणि दुसऱ्या दिवशी वीज आल्यावर पाहिलेल्या वाहिन्यांवर चौथा होता. कोणी खोटे सांगत होते असे मला वाटत नाही. भारतीय हवामान विभाग वादळातला वारा तीन मिनिटांच्या सरासरीने सांगतो, अमेरिकी नौदलाचे केंद्र एका मिनिटाच्या सरासरीने सांगते, आणि जागतिक हवामान संघटनेची प्रमाण सरासरी दहा मिनिटांची आहे. सरासरीचा काळ जितका आखूड तितका आकडा मोठा निघतो. त्यात काही क्षणांपुरत्या येणाऱ्या झोतांचा वेग वेगळा. शिवाय कोणी नॉटमध्ये सांगतो, कोणी ताशी किलोमीटरमध्ये, आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर हे घाईत विसरले जाते. यावर जर आपण उपग्रहाच्या कोष्टकातून निघालेला, २५ किलोमीटरच्या तुकड्यावर पसरलेला, मागेपुढे दहा टक्क्यांचा आकडा ‘उपग्रहाने मोजलेला वेग’ म्हणून छापला, तर वाचक त्यालाच सर्वांत पक्का समजेल, कारण उपग्रह या शब्दाचा दराराच तसा आहे.

म्हणून तीन विनंत्या करतो. चित्राची दुरुस्ती छापावी आणि त्यात दोन उपग्रह दाखवावेत, एक उंचावर बोलणारा आणि एक खाली ऐकणारा. वादळाच्या बातमीत आकडा देताना तो किती मिनिटांच्या सरासरीचा, की झोताचा, आणि तो बोयावरून, किनाऱ्यावरच्या केंद्रावरून की उपग्रहाच्या संदेशावरून आला, हे कंसात का होईना द्यावे. चार शब्दांचे काम आहे. आणि उपग्रहावरून काढलेल्या वेगासोबत त्यातली संभाव्य चूकही द्यावी. ‘ताशी १२० किलोमीटर’ असे लिहिण्याऐवजी ‘ताशी ११० ते १३०’ असे लिहिल्याने वाचक गोंधळतील अशी भीती आपल्या वार्ताहरांना वाटत असेल, तर त्यांनी एकदा पहाटे बंदरावर यावे. वारा किती आहे असे विचारल्यावर कोणताही तांडेल एक आकडा सांगत नाही. तो आधी पाण्याकडे पाहतो, मग ‘एवढा ते एवढा’ असे सांगतो, आणि शेवटी कोठल्या अंगाने आहे ते सांगतो.

आमच्या शेजारच्या तांडेलांना मी हे सगळे त्या संध्याकाळी जमेल तसे सांगितले. त्यांनी पुरवणीतले चित्र पुन्हा उघडून पाहिले, खिशातले पेन काढून उपग्रहाकडे परत जाणाऱ्या बाणावर फुली मारली आणि दुसरीकडे जाणारा एक बाण काढून, “मग ह्याला दुसरी बोट लागंल ना सर, ऐकायला?” असे विचारले. ती घडी माझ्याकडे आहे. चित्रकारांना उपयोगी पडणार असेल तर पाठवून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
रत्नागिरी